सुपारीच्या डब्यातला विस्तव

तार आली तेव्हा मी ओटीवर बसून मुलांचे पेपर तपासत होते. दादा मुंबईच्या इस्पितळात होता आणि तिथून तारेनं येण्यासारखी एकच बातमी उरली होती, त्यामुळे पाकीट फोडायच्या आधीच मला कळलं. अशा वेळी माणसानं रडावं, निदान मटकन खाली तरी बसावं. मी सही केली, पोस्टमनला पाणी हवं का विचारलं, आत गेले, फळीवरचा सुपारीचा पितळी डबा खाली काढला आणि त्याचं झाकण घट्ट आहे ना ते बघितलं. मग रडले. या गोष्टीला महिना उलटून गेला, पण स्वतःचं ते वागणं आठवलं की अजून कसंतरी होतं. सख्खा भाऊ गेला आणि बहीण डब्याचं झाकण चाचपतेय! पण त्या डब्यात सुपारी नव्हती. त्यात दोन-अडीच हात लांबीची सिनेमाच्या फिल्मची पट्टी होती, आणि ती भलत्याच्या हाती लागली असती तर खाडीपलीकडच्या एका गावात एका बाईचा संसार मोडला असता. ती पट्टी इतकी वर्षं दादानं सांभाळली असं कोणी म्हणेल. खरं तर मी सांभाळली, कारण तो सदा फिरतीवर. आमच्या घरात कामं वाटलेली होती. दादानं काम करायचं आणि मी काळजी करायची.

दादा सिनेमा काढतो असं सांगितलं की लोक आधी नटीचं नाव विचारत. नटी नाही, गाणी नाहीत, गोष्टसुद्धा नाही म्हटल्यावर “मग उरतं काय?” असं म्हणून माझ्याकडे दयेनं बघत. उरायची ती आपल्यातलीच माणसं. भात लावणारी, कोर्टाच्या पायरीवर दिवस काढणारी, मत देऊन आल्यावर बोटावरची शाई खोबरेल लावून जाते का बघणारी. हे बघण्याचं वेड त्याला आधीपासूनच होतं. संस्थान विलीन झालं तेव्हा आमचं सगळं मुरुड झेंडा बघायला धावलं होतं. मीही आईचा हात धरून गेले. दादा तेव्हा विशीतला, तो कुठे दिसेना म्हणून मला धाकधूक. शेवटी सापडला कचेरीच्या मागच्या बाजूला. तिथे एक म्हातारा शिपाई आपल्या पट्ट्यावरचा जुन्या दरबाराचा पितळी बिल्ला उचकटून काढत होता आणि दादा समोर उकिडवा बसून ते बघत होता. “झेंडा नाही बघितलास?” मी विचारलं. “झेंडा सगळे बघतायत,” तो म्हणाला, “हे कोणी बघत नव्हतं.” पुढे मुंबईला फिल्म धुण्याच्या कारखान्यात त्यानं काही वर्षं नोकरी केली आणि एक दिवस नोकरी सोडून, एक जुना चावीचा कॅमेरा काखोटीला मारून परत आला. आईनं कपाळाला हात लावला. मी शाळेत शिकवायला लागले होते म्हणून घरात चूल पेटत राहिली, एवढंच.

त्याची काम करायची तऱ्हा मात्र न्यारी. एखाद्या गावात गेला की पहिले पंधरा दिवस कॅमेऱ्यात फिल्मच घालायचा नाही. रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून बांधावर, विहिरीवर, देवळात बसायचा. पोरं भोवती नाचायची, बाया पदर सारखे करायच्या, एखादा पुढारी भाषणाला उभं राहिल्यासारखा उभा राहायचा. “कॅमेऱ्याकडे बघू नका” असं तो कधीच म्हणाला नाही. म्हणायचा, बघून बघून कंटाळतील, आणि कंटाळले की मी फिल्म घालीन. आणि दुसरा नियम याहून वेडा. मुंबईहून धुऊन आलेलं रीळ तो स्वतः आधी बघायचा नाही. ज्यांचं चित्र आहे त्यांनी ते पहिल्यांदा बघायचं, त्यानं त्यांच्यात बसून बघायचं, आणि कोणी म्हणालं की माझं एवढं काढून टाक, तर तिथल्या तिथे कात्रीनं काढायचं. त्या फिल्मची दुसरी प्रत नसे. कॅमेऱ्यात जी भरायची तीच धुऊन पडद्यावर लावायची. काढलं की कायमचं गेलं. मी म्हणायची, “अरे, निदान आधी एकदा उजेडात धरून बघ.” तो म्हणायचा, “त्यांच्या आधी बघितलं म्हणजे चोरून बघितलं.” या एका वाक्यानं पुढे आमची झोप उडवली.

त्या गावाला इथे चिंचखार म्हणते. खरं नाव वेगळं आहे, माणसांचीही नावं मी बदलली आहेत. खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून भात पिकवणारं गाव. उधाणाला बांध फुटला तर कोणा एकाचं नाही, सगळ्यांचं शेत खारं होतं, म्हणून सगळ्यांनी एका विचारानं राहायचं, आणि तो एक विचार ठरवायचा गावकीनं. गावकीचे मुख्य हिरू पाटील. दादाला गावाचं एक वर्ष चित्रात धरायचं होतं, पेरणीपासून शिमग्यापर्यंत. पाटलांनी परवानगी दिली, गावकीच्या बैठकीचंसुद्धा चित्र घेऊ दिलं, मिशा पिळून बसले. त्याच साली धाकू नावाच्या शेतकऱ्यानं हद्दीच्या भांडणात गावकीचा निवाडा मानला नाही आणि तालुक्याच्या कोर्टात गेला. गावकीनं त्याला वाळीत टाकलं. वाळीत टाकणं म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. त्या घराशी बोलायचं नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही, दुकानदारानं मीठ की काडेपेटी द्यायची नाही, शेजाऱ्यानं चुलीतला विस्तवसुद्धा द्यायचा नाही. आणि जो देईल तोही वाळीत. आदल्या वर्षीच एका सुनेनं अशा वाळीतल्या घरी ताक दिलं होतं. पाटलांनी तिला माहेरी धाडायला लावलं आणि ती परत आलीच नाही. दादा बाहेरगावचा, म्हणून गावकीनं त्याला अडवलं नाही. तो धाकूबरोबर कोर्टात गेला, पायरीवर बसलेल्या धाकूचं चित्र घेतलं, परत येऊन गावकीचंही घेतलं. दोन्हीकडचे त्याला आपला समजत. मला याचीच भीती वाटायची. दोन्हीकडचा माणूस मधल्यामध्ये चेंगरतो.

पुढच्या उन्हाळ्यात वर्षाचं रीळ धुऊन आलं. मुरुडच्या ओळखीच्या कोळ्यानं होडीचं शीड पडद्यासाठी दिलं, तंबूतल्या सिनेमावाल्याकडून चित्र दाखवायचं यंत्र आणि विजेचं इंजिन आणलं, आणि यंत्र चालवायला दादाला मी लागायची, म्हणून मीही गेले. दिवस मावळल्यावर देवळापुढच्या पटांगणात सगळं गाव बसलं. धाकूचं घर मात्र लांब, चिंचेखाली. पाटील अगदी पुढे, घोंगडीवर. आपापली माणसं शिडावर हलताना बघून काय ती मजा उडाली! कोणी ओरडतंय, कोणी लाजून पळतंय. मग एक चित्र आलं, खळ्यावर एक म्हातारी सुपानं भात पाखडतेय आणि कोंबड्या तिच्या पायात येतायत. लोक कोंबड्यांना हसत होते. आणि मागे, म्हातारीच्या खांद्यावरून पलीकडे, धाकूच्या परसाचं कुंपण होतं. त्या कुंपणावरून एक हात वर आला. हातात करवंटी, करवंटीतून धूर.

धाकूची बायको पारू तेव्हा बाळंतीण होती. बाळंतिणीला शेक लागतो, शेगडी लागते, आणि त्या घरात पेटवायला काडी नव्हती. हे सगळं माझ्या डोक्यात येईपर्यंत कुंपणामागचा पदर वर यायला लागला. कोंबड्यांवर नेम धरून बसलेल्या माझ्या भावानं चित्र घेताना मागचं काहीच बघितलं नव्हतं. कॅमेऱ्यानं बघितलं होतं. ती बाई मान वळवणार, एवढ्यात दादानं यंत्राच्या भिंगापुढे तळहात धरला. शिडावर अंधार. दादाच्या तळहातावर नुसता उजेड हलत होता, आणि त्या उजेडात चांगुणा होती. हिरू पाटलांची बायको.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. दादानं हात काढला नाही. दिव्याच्या तापल्या पत्र्याला त्याचं मनगट टेकलं होतं. मला चरचरल्यासारखा वास आला, तरी तो हलला नाही. अंदाजानं हात काढला तोवर पुढचं चित्र लागलं होतं. पाटील उठून उभे राहिले.

“काय झाकलंस रं?”

“रीळ तेवढं खराब झालंय, पाटील,” दादा म्हणाला. तो खोटं बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्याला ते मुळीच जमलं नाही.

“खराब तर खराब. गावाचं हाय, गाव बगंल. उंद्या पुन्यांदा लाव.”

आमचा मुक्काम शाळेच्या खोलीत होता. तिथे कंदिलाच्या उजेडात दादानं कात्रीनं तेवढी पट्टी काढली आणि दोन टोकं जोडली. कोणाला न विचारता त्यानं काढलेली ती पहिली पट्टी. दुसऱ्या दिवशी पाटील पंचांना घेऊन आले, अगदी पुढे बसले. म्हातारीचं सूप वर गेलं आणि खाली येण्याआधीच कोंबड्या भलतीकडे उडाल्या. चित्रानं तिथे उडी मारली हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पाटील पंचांकडे वळून म्हणाले, “ह्यानं गावाला फसवला. आजपून ह्याला पानी न्हाय, बोलनं न्हाय. ह्याचा शिनेमा गावात लागनार न्हाय.” परतीच्या होडीपर्यंत आम्हाला कोणी सोडायला आलं नाही. आदल्या दिवशी अंगाखांद्यावर खेळणारी पोरं पाठ करून उभी होती. बायकांच्या घोळक्यात चांगुणा होती. तिनं वर बघितलं नाही, आणि मीही तिच्याकडे बघू धजले नाही. न जाणो, कोणाच्या लक्षात यायचं!

गावानं संमती दिल्याशिवाय चित्र बाहेर दाखवायचं नाही, हा दादाचा शब्द होता. त्यामुळे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम ट्रंकेत पडून राहिलं. मुंबईचे लोक मागायला आले, त्यांना नाही म्हणाला. पुढे धाकूची केस मिटली, दंड भरून, गावजेवण घालून तो गावकीत परतही आला. दादाचं वाळीत पडणं मात्र कोणी उठवलं नाही, कारण उठवा म्हणून मागायला तो गेला नाही. आणि ती पट्टी सुपारीच्या डब्यात. मी किती वेळा म्हटलं, “दादा, जाळून टाक ती. घरात विस्तव ठेवून झोपल्यासारखं वाटतं मला.” तो म्हणायचा, “तिचं चित्र आहे. तिनं बघितल्याशिवाय जाळणारा मी कोण?” बघायला बोलवायचं तर तिच्या जिवाला घोर, आणि न बघता जाळायचं तर याच्या जिवाला. घरी कोणी पाहुणा सुपारी मागे, की मी शेजारून आणून देई. चिंचखारचा कोणी मुरुडच्या बाजारात दिसला तरी मी रस्ता बदलत असे. घाबरटपणा जन्माचा, त्यात हे निमित्त!

इस्पितळात जाताना मी त्याला एस.टी.वर पोचवायला गेले होते. खूप वाळला होता. मनगटावरचा तो डाग तेवढा होता तेवढाच. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाला, “तिला दाखवायचं राहिलं गं…” मी म्हटलं, “बरा होऊन ये, मग बघू.” तेच शेवटचं बोलणं.

तेरावा होऊन गेल्यावर एका दुपारी फाटक वाजलं. बघते तर चांगुणा. केस पिकलेले, हातात तांदळाची पिशवी. माझ्या तोंडून आधी “कोणी बघितलं नाही ना तुम्हाला?” असंच निघालं. ती ओटीवर टेकली आणि म्हणाली, “बगितलं तर बगितलं. पानी दे, बाय.” वाळीत पडलेल्या घरचं पाणी ती घटाघटा प्यायली. मी दार लावून घेतलं, डबा काढला, खिडकीशी पट्टी धरली आणि तिच्या हाती भिंग दिलं. ती एक डोळा मिटून एकेक चौकट बघत गेली.

“हा माजा हात… ह्यो धूर. पारूचा पोर दिसत न्हाय व्हय ह्यात?”

“नाही. तो घरात होता.”

“साळंत जातो आता. लय वांड हाय.” मग भिंग खाली ठेवून तिनं विचारलं, “तुज्या भावाचा हात भाजला म्हनं तवा?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“पाटलानं. त्यो पुडंच बसला हुता न्हवं? शिडावं हात वर आला तवाच वलकला त्यानं. एवडी वर्सं त्या हातचं जेवतोय. तुज्या भावानं झाकलं त्येबी बगितलं. दुसऱ्या दिशी आला त्ये काडलंय का न्हाय त्ये बगाया आला. काडलेलं बगितलं नि मंग वालीत टाकला, म्हनजे तिसऱ्यांदा लाव म्हनून कोनी म्हनू नये.”

म्हणजे इतकी वर्षं एकच गोष्ट दोघे दोन बाजूंनी झाकत होते, आणि त्यातल्या एकाचं सगळं आयुष्य त्यात गेलं! मला रडू आलं आणि रागही आला. “मग पाटलांनी दादाला एका शब्दानं सांगायचं नाही?” मी जवळजवळ ओरडलेच. “हा माणूस झुरत होता इथे!”

चांगुणानं माझ्याकडे नवलानं बघितलं. “सांगनार कसा? वालीत टाकलेल्याशी बोलतात व्हय?”

जाताना तिनं सांगितलं की पाटील तिच्याबरोबर आलेले आहेत, एस.टी.च्या थांब्यावर बसलेत. हे घर वाळीत आहे, त्यांना कसं येता येणार? मी तिला विचारलं, हे सगळं लिहिलं तर चालेल का. ती म्हणाली, “लिव. सुना हायत, नातवंडं हायत, आता मला कोन काडनार? गावाचं नाव नगं.” पाटलांना विचारायला नको का, असं मी म्हटल्यावर तिनं पिशवी उचलली. “त्याला कशाला इचारायचं? इस्तव माजा हुता.”

मी लिहिलं. पण छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवल्याशिवाय कसं देणार? दादाच्या घरात हे चालायचं नाही. बाजाराच्या दिवशी ती पुन्हा आली. या वेळी पाटील थांब्यावर नव्हते. आमच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेच्या दगडावर, घराकडे पाठ करून बसले होते. मी ओटीवर बसून वाचायला लागले, आणि वाचताना आवाज जरा चढवला. चांगुणानं सगळं ऐकलं आणि मान हलवली. तेवढ्यात फाटकाबाहेरून, रस्त्याकडेच बघत, म्हातारा बोलला.

“चांगुने, तिला म्हनावं, ‘पाटलाचाबी नाइलाज हुता’ असं लिवलंय त्ये काड. इलाज हुता.”

चांगुणानं माझ्याकडे बघितलं. ते वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले होते. रागातून बाहेर यायला तेवढे लागले. दादा असता तर त्यानं एक शब्द न बोलता कात्री घेतली असती. मी तिच्यासमोर ते खोडलं. वरच्या मजकुरात कुठे उडी मारल्यासारखं वाटलं असेल तर ती जागा तीच. म्हातारा काय म्हणाला ते मात्र ठेवलं आहे, ते काढा असं काही तो म्हणाला नाही.

दोघं गेली, एकामागे एक, पाच-सहा पावलांचं अंतर ठेवून. पट्टी जाळू का, असं मी तिला विचारलं होतं. पारूचं पोर जाणतं झालं की त्याला दाखव म्हणाली. चांगुणाला आता कसलीच भीती नाही. मी मात्र आजही निजण्याआधी फळीवरचा डबा खाली घेते, झाकण घट्ट आहे ना ते बघते, आणि पुन्हा जागेवर ठेवते.